यझदमधलं नीर गाव आहे की शहर, आणि तिथली लोकसंख्या नेमकी किती?

तुमचा प्रश्न असा आहे की इराणच्या यझद प्रांतातल्या ‘नीर’ला काही ठिकाणी गाव म्हणतात, काही ठिकाणी शहर, आणि लोकसंख्येचे आकडे तर एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. दर्जाचं उत्तर सोपं आहे: नीर शहर आहे. आकड्यांचा घोळ मात्र नीट उलगडावा लागतो, कारण त्यात तीन वेगळ्या चुका मिसळलेल्या असतात.

पहिली चूक नावाची. इराणमध्ये नीर नावाची दोन शहरं आहेत. एक वायव्येला अर्दबील प्रांतात. ते नीर शहरेस्तानचं (शहरेस्तान म्हणजे प्रांताखालचा विभाग) मुख्य ठिकाण आहे आणि तिथे अझरी तुर्की बोलतात. तुम्हाला हवं ते फारसी बोलणारं नीर शीरकूह पर्वताच्या अंगाला, तफ्त शहरेस्तानात आहे. फारसीत दोन्ही नावं नून, ये, रे अशीच लिहितात. मधला स्वर लिपीत पक्का होत नसल्यामुळे रोमन लिपीत कुणी ‘नीर’ लिहितं, कुणी ‘नेयर’. (आपल्या नीराशी, म्हणजे पाण्याशी, नावाचं साम्य दिसलं तरी त्यावरून व्युत्पत्ती रचू नका.) जनगणनेच्या फारसी तक्त्यात शोधताना ‘ये’ फारसी कळफलकाचाच वापरा. अरबी ‘ये’चा संगणकीय संकेत वेगळा असतो, त्यामुळे अक्षर डोळ्यांना जवळपास सारखं दिसूनही शोधात काहीच सापडत नाही.

दुसरी चूक पातळीची. इराणची उतरंड अशी: ओस्तान म्हणजे प्रांत, त्याखाली शहरेस्तान, त्याखाली बख्श, आणि बख्शमध्ये शहरं व देहेस्तान. देहेस्तान म्हणजे गावांचा गट. ‘देह’ म्हणजे गाव. आपल्या जुन्या दफ्तरांतल्या ‘देहझाडा’ शब्दातला देह तोच. ‘शहर’ आणि ‘शहरेस्तान’मध्ये मराठी वाचक हमखास फसतो. शहरेस्तान हे शहर नव्हे, ते साधारण आपल्या जिल्हा आणि तालुका यांच्या मधलं काहीतरी. तेव्हा नीरचा पूर्ण पत्ता: यझद ओस्तान, तफ्त शहरेस्तान, नीर बख्श, नीर शहर. ‘नीर’ नावापुढे मोठा आकडा दिसला तर तो बहुधा अख्ख्या बख्शचा, नाहीतर अर्दबीलचा.

खुद्द नीर शहराची लोकसंख्या 2006 च्या गणनेत दोन हजारही भरली नव्हती. मग ते शहर कसं? महाराष्ट्रात नगरपंचायतीलाच एरवी किमान 10 हजार वस्ती लागते, म्हणून आपल्याला हे विचित्र वाटतं. इराणच्या प्रशासकीय विभागांचा मूळ कायदा 1983 चा. त्यात शहरासाठी लोकसंख्येची अट आहे, पण पुढच्या दुरुस्तीने बख्शचं मुख्य ठिकाण कितीही लहान असलं तरी त्याला शहर ठरवायची मुभा दिली. व्यवहारात खूण एकच: तिथे शहरदारी, म्हणजे नगरपालिका, आहे का ते पाहा. असेल तर शहर. गावात तिच्याऐवजी देहयारी असते. बख्शचा अधिकारी बख्शदार, शहरेस्तानचा फरमानदार, प्रांताचा ओस्तानदार. हे तिघे सरकारनियुक्त. शहरदाराला मात्र निवडून आलेली नगरपरिषद निवडते.

तिसरी चूक वर्षाची. इराणमध्ये जनगणनेला ‘सरशुमारी’ म्हणतात, शब्दशः शिरगणती (आपली खानेसुमारी त्याच कुळातली). तक्ते सौर हिजरी, म्हणजे इराणी कालगणनेच्या, वर्षाचे असतात. गणना सहसा शरदात होते, त्यामुळे 621 मिळवले की काम भागतं: 1385 म्हणजे 2006, 1390 म्हणजे 2011, 1395 म्हणजे 2016. 1956 ते 2006 गणना दर दहा वर्षांनी झाली, मग पाच वर्षांवर आली. पण 1400 ची, म्हणजे 2021 ची, ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे ‘2022 ची लोकसंख्या’ म्हणून कुणी आकडा दिला तर तो अंदाज समजा आणि 2016 च्या आकड्याशेजारी मांडू नका.

आकडा बरोबर ओळीतून उचललाय का, हे तपासायला लोकसंख्येला कुटुंबसंख्येने भागा. देशाची सरासरी 2006 मध्ये सुमारे 4 होती, 2016 मध्ये 3.3. भागाकार 7-8 आला तर तुम्ही लोकसंख्या एका ओळीतली आणि कुटुंबं दुसऱ्या ओळीतली घेतली आहेत.

जुन्या आणि नव्या तक्त्यांची तुलना करणार असाल तर हद्दी आधी पाहा. तबस हे शहरेस्तान 2001 मध्ये खुरासान प्रांतातून यझदमध्ये आलं आणि 2013 मध्ये दक्षिण खुरासानात गेलं. प्रांताचं क्षेत्रफळ त्यामुळे सव्वा लाख चौरस किलोमीटरहून जास्त होतं ते पाऊण लाखाच्या आसपास उतरलं. माणसं कुठेही गेली नव्हती. नीरसारख्या ठिकाणी शहराची ओळ शहराच्याच ओळीशी ताडा, बख्शची बेरीज बाजूला ठेवा.

‘फारसी-भाषिक’ हा उल्लेख या तक्त्यांत मिळणार नाही. आपल्याकडे मातृभाषेचे तक्ते निघतात तसे तिथे निघत नाहीत. ती माहिती बोलीच्या अभ्यासातून घ्यावी लागते. आणि मुंबई-पुण्यातल्या एखाद्या इराणी घराण्याचं मूळ गाव शोधत असाल, तर नीरपाशी अडकू नका, तफ्तच्या आसपासच्या चम आणि मुबारके या जरथुश्त्री वस्त्यांची नावं आधी पाहा. त्या आजही गावंच आहेत, म्हणून त्या शहरांच्या यादीत सापडणार नाहीत, देहेस्तानच्या यादीत शोधा.