नवा फ्लॅट की रिसेल? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आम्ही दोघं नोकरदार, कर्वेनगरला २२ हजार भाड्याने राहतो. पुनावळ्याला बांधकाम चालू असलेला टू बीएचके ८० लाखांना आहे, ताबा तीन वर्षांनी. तेवढ्याच किमतीत कर्वेनगरलाच १८ वर्षांच्या सोसायटीत थोडा लहान फ्लॅट मिळतोय. सासूबाई म्हणतात, एवढे पैसे मोजून दुसऱ्याचं वापरलेलं कशाला?

उत्तर : दोन्हीकडे आकडा ८० लाखांचा असला तरी खर्च सारखा नाही. पुनावळ्याला वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख. रिसेलला जीएसटीच नाही. पुण्यातलं ७ टक्के मुद्रांक शुल्क (५ लाख ६० हजार) आणि ३० हजार नोंदणी फी दोन्हीकडे सारखीच. त्यात ताब्यापर्यंतचं तीन वर्षांचं भाडं आजच्याच दराने धरलं तरी ७ लाख ९२ हजार. म्हणजे नवा फ्लॅट जवळजवळ १२ लाखांनी महाग, शिवाय स्लॅब पडतील तसतसं बँक जे पैसे सोडेल त्याचं व्याज. रिसेलमधलं प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग आणि एजंटची दलाली या १२ लाखांतून वजा करा आणि मग तुलना करा.

हातातली रोख मात्र रिसेललाच जास्त लागू शकते. कर्ज ३० ते ७५ लाखांत असेल तर बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, आणि ती किंमत तिचा व्हॅल्युअर ठरवतो. तो ७२ लाख म्हणाला तर कर्ज ५७ लाख ६० हजार. उरलेले २२ लाख ४० हजार आणि मुद्रांक-नोंदणी तुमच्या खिशातून. टोकन देण्याआधी बँकेत जाऊन या.

सासूबाईंना सांगा, वापरलेल्या घराचा एक मोठा फायदा असतो : ते तपासता येतं. सॅम्पल फ्लॅटमध्ये पाणी किती वाजता जातं ते कळत नाही. जुलैत जा, वरच्यांच्या बाथरूमखाली उभं राहून छत बघा, वॉचमनशी दहा मिनिटं बोला. दोघांची ऑफिसं पुनावळ्याजवळच्या हिंजवडीला नसतील तर मी कर्वेनगर घेईन.

प्रश्न : डोंबिवलीत ३२ वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट बघितला. मालक म्हणतात, "रिडेव्हलपमेंट होणारच, मोठा फ्लॅट फुकटात मिळेल." भाव मात्र आसपासच्या नव्या इमारतींसारखाच.

उत्तर : "होणारच" याला कागद काय आहे ते विचारा. पहिला प्रश्न, जमीन कुणाच्या नावावर? सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर, करून द्यायचं असतं. असंख्य सोसायट्यांत ते झालेलंच नाही. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव दिसलं, तर आधी जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने केलं नाही तरी सरकारी आदेशाने होणारं), मग बाकीच्या गप्पा. दुसरं, समोरचा रस्ता किती रुंद? वाढीव एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्याची मर्यादा, बराचसा त्यावर असतो. अरुंद गल्लीतल्या इमारतीत बिल्डरला काही उरत नाही, म्हणून तो फिरकतही नाही. तिसरं, सभेचं इतिवृत्त मागा. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. ठराव झालाय की नुसता चहा?

इमारत ३० वर्षांपुढची आहे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, हवं. अहवाल दाखवत नसतील तर परत या. दाखवला तरी आजच्या जुन्या घराला उद्याच्या नव्या घराचा भाव देऊ नका.

प्रश्न : मग रेरा (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) नोंदणी क्रमांक असलेला नवा प्रकल्प तरी बिनधोक ना?

उत्तर : कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून रेरा क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारती पाडायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. घेणाऱ्यांची चूक काय? क्रमांक बघून थांबले. महारेराच्या (रेराचं राज्यातलं प्राधिकरण) संकेतस्थळावर टाकलेलं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र पालिकेत जाऊन खरं आहे का ते विचारा. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका, बिल्डरला ती मागायचा अधिकारच नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करून द्यायची असते. रिसेलमध्ये मूळ ताबा जुना असेल, तर हे संरक्षण संपलेलं असतं.

प्रश्न : रिसेल ठरलाय, पण सोसायटी नावावर करायला १ लाख "देणगी" मागतेय. विकणारे अमेरिकेत असतात.

उत्तर : महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५ हजार. देणगी म्हणूनही त्यावर घेता येत नाही. लेखी मागणी द्या म्हणा, बहुतेक समित्या तिथेच गप्प होतात.

खरी काळजी अमेरिकेची करा. विकणारा इथला रहिवासी असता तर ५० लाख आणि त्यापुढच्या व्यवहारात तुम्ही १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशांतून कापून सरकारला भरायचा कर) कापला असता. तो अनिवासी आहे, म्हणून दर बराच जास्त. कमी कापायचा असेल तर त्याने प्राप्तिकर खात्याकडून तसं प्रमाणपत्र आणायचं, आणि ते पैसे देण्याआधी. एजंट "१ टक्काच कापा" म्हणेल. चुकलं तर खातं वसुलीला तुमच्याकडे येतं, एजंटकडे नाही.