ओले कपडे, पावसाळा आणि विजेचे युनिट

या महिन्यात नाशिकच्या वाचकांकडून आलेली बरीचशी पत्रे कपडे वाळवण्याच्या यंत्रांविषयी आहेत. इगतपुरीकडून ढग येऊ लागले की हा प्रश्न घरोघरी उभा राहतो, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळच्या सदनिकेत आम्ही पाच जण राहतो. गेल्या पावसाळ्यात गरम हवा पाइपने बाहेर टाकणारा सात किलोचा ड्रायर घेतला आणि ड्राय बाल्कनीत, टॉप लोड वॉशिंग मशीनच्या शेजारी बसवला. रोज एक फेरी होते. बिल पाहून सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्यापेक्षा दोरी बरी होती.’’ ड्रायर ठेवूनही खर्च आटोक्यात आणता येईल का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : खर्च बराच कमी करता येईल, मात्र त्याची सुरुवात ड्रायरपासून नव्हे, तर त्याच्या शेजारच्या वॉशिंग मशीनपासून करावी लागेल.

एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे अंदाजे 0.67 युनिट वीज. हा निसर्गाचा हिशेब आहे. यंत्र कितीही चांगले असले तरी केवळ हीटरच्या जोरावर त्याला याहून कमी विजेत काम उरकता येत नाही. प्रत्यक्षात ड्रम, कपडे आणि बाहेर जाणारी हवा तापवण्यात आणखी वीज जाते, त्यामुळे साध्या हीटरच्या ड्रायरला लिटरमागे एक युनिटाच्या आसपास खर्च येतो, असे धरून चालावे. तेव्हा बिल ठरते ते ड्रायरमध्ये किती किलो कपडे घातले यावर नव्हे, तर त्या कपड्यांबरोबर किती पाणी आत गेले यावर.

टॉप लोड मशीन शेवटच्या पिळणीला साधारण 700 आरपीएमने, म्हणजे मिनिटाला 700 गिरक्यांच्या वेगाने फिरते. पाच किलो सुती कपड्यांत त्यानंतरही सुमारे साडेतीन लिटर पाणी उरते. तेच कपडे 1,400 आरपीएमने फिरणाऱ्या फ्रंट लोड मशीनमधून काढले, तर ते अडीच लिटरपर्यंत खाली येते, कारण वेग दुप्पट झाला की पाणी बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. हे लिटरभर पाणी ड्रायरने काढायचे तर एक युनिट लागते आणि मोटरने फिरवून काढायचे तर त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकी वीजही पुष्कळ झाली. तुमच्या मशीनमध्ये पिळणीचा वेग किंवा वेळ निवडण्याची सोय असेल, तर सुती कपड्यांसाठी नेहमी सर्वांत वरची निवड करावी. एरवी नाजूक कपड्यांसाठी ठेवलेली हलकी पिळणी घरातल्या कोणाच्या तरी हातून लागून राहते आणि पुढे महिनोन्महिने तीच चालते, हे मी माझ्याच घरी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट पाइपची. ड्राय बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या बसवलेल्या असतील आणि पाइपचे तोंड आतच मोकळे सोडलेले असेल, तर बाहेर टाकलेली दमट हवाच ड्रायर पुन्हा आत ओढतो, फेरी लांबते आणि भिंतींना बुरशी येते ती वेगळीच. पाइप खिडकीबाहेर काढावा, शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवावा, तसेच ताजी हवा आत येण्यासाठी दुसऱ्या बाजूची फट उघडी ठेवावी. तंतू अडवणारी जाळी प्रत्येक फेरीनंतर हाताने साफ करावी, कारण ती तुंबली की हवा अडते. शिवाय साठलेले तंतू आगीलाही निमंत्रण देतात. हीटरचा ड्रायर 2,000 वॉटपेक्षा जास्त भार घेऊ शकतो, त्यामुळे त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

बहुतेक घरांत वीज खरी वाया जाते ती शेवटच्या वीस मिनिटांत. सुती कापड हवेतला ओलावा मुळातच धरून ठेवते. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत त्याच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी त्यात असतेच आणि तरीही हाताला ते कोरडेच लागते. श्रावणातली हवा याहून कितीतरी दमट असते. अशा दिवसांत कपडे ‘एक्स्ट्रा ड्राय’ करून कपाटात ठेवले, तर विकत घेतलेला तो कोरडेपणा तासा-दोन तासांत हवाच परत घेते. म्हणून घड्याळ लावून यंत्र चालवण्यापेक्षा ओलावा ओळखणारा सेन्सर असलेला कार्यक्रम वापरावा आणि इस्त्रीयोग्य ओलसरपणावर थांबावे. टॉवेल व जीन्स एका फेरीत, पातळ कपडे दुसऱ्या फेरीत घातले, तर जीन्सची शिवण ओली आहे म्हणून सदरे उगाच तापत राहत नाहीत. टेरिकॉट आणि पॉलिस्टरचे कपडे पिळणीनंतर पंख्याखाली काही तासांत वाळतात. त्यांना ड्रायर दाखवूच नये.

रोजच्या फेरीला साडेतीन युनिट म्हणजे महिन्याला शंभराच्या वर युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरांत 100, 300 आणि 500 युनिटांवर टप्पे बदलतात आणि वरच्या टप्प्यातले युनिट महाग असते, त्यामुळे ड्रायरचे हे शंभर युनिट नेहमी तुमच्या बिलातील सर्वांत महाग युनिटांत मोडतात. सकाळी धुतलेले कपडे दुपारपर्यंत दोरीवर, पंख्याखाली राहू द्यावेत आणि संध्याकाळी उरलेला दमटपणा तेवढा ड्रायरने काढावा. एवढ्याने फेरीचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो आणि सासूबाईंची दोरीही कामाला येते.

प्रश्न : आम्ही नवे यंत्र घेण्याच्या विचारात आहोत. दुकानदार धुणे आणि वाळवणे एकत्र करणारे यंत्र सुचवतात, तर मुलगा हीट पंप ड्रायर घ्या म्हणतो. वीज कशात वाचेल?
— एक दांपत्य, गंगापूर रोड

उत्तर : केवळ विजेचा विचार केला, तर मुलाचे म्हणणे बरोबर आहे. हीट पंप ड्रायरमध्ये फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असतो. कपड्यांतून आलेली दमट हवा थंड भागावरून जाते, तिथे पाणी सुटते आणि त्या वेळी मोकळी झालेली उष्णता पुन्हा त्याच हवेला दिली जाते. साध्या ड्रायरमध्ये जी उष्णता पाइपने बाहेर फेकली जाते, ती इथे फिरून वापरात येते, त्यामुळे वीज निम्म्याच्या आसपास लागते. स्वित्झर्लंडने 2012 पासून नव्या घरगुती ड्रायरसाठी जवळजवळ हाच मार्ग शिल्लक ठेवला आणि युरोपीय संघाचे जुलै 2025 पासूनचे नियमही तिथेच नेतात. फेरीला वेळ मात्र जास्त लागतो.

एकत्र यंत्राबाबत दोन गोष्टी दुकानात विचारून घ्या. आठ किलो धुणारे यंत्र बहुधा पाच किलोच वाळवते, म्हणजे भरलेला ड्रम धुतल्यावर अर्धवट रिकामा करावा लागतो. दुसरे म्हणजे, यांतील अनेक यंत्रे वाफेचे पाणी करण्यासाठी नळाचे थंड पाणी वापरतात आणि ते गटारात सोडतात. ज्या शहरात उन्हाळ्यात गंगापूर धरणाच्या साठ्याच्या बातम्या रोज वाचल्या जातात, तिथे हे मला पटत नाही.

तरीही हिशेब करून पाहा. नाशिकमध्ये ड्रायरची खरी गरज जून ते सप्टेंबर एवढीच; मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत चादरसुद्धा दोन-तीन तासांत वाळते. महिन्याला 15 फेऱ्या धरल्या तर वर्षाला 60 फेऱ्या होतात. फेरीमागे पावणेदोन युनिट वाचले आणि युनिट 12 रुपयांचे मानले, तरी वर्षाची बचत साधारण 1,260 रुपये होते. दोन प्रकारच्या यंत्रांच्या किमतींतला फरक त्यातून भरून निघायला बरीच वर्षे जातील. घरात तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल आणि बारा महिने रोज फेरी होणार असेल, तर हीट पंप जरूर घ्यावा. नसेल, तर 1,200 किंवा 1,400 आरपीएमचे फ्रंट लोड मशीन घेऊन ड्रायरचा विचार सोडून द्यावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये ड्रायर आहे. तोही एवढीच वीज खातो का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही. आपण त्याला ड्रायर म्हणतो, पण त्यात हीटर नसतो. ती केवळ पिळणीची टाकी असते. ती 1,300 आरपीएमच्या आसपास फिरते. टाकी अरुंद असल्यामुळे त्या वेगाचा पूर्ण फायदा मिळत नाही, तरीही बहुतेक टॉप लोड मशीनपेक्षा तिच्यातून कपडे कोरडे निघतात. ती बिनधास्त वापरा.

प्रश्न : आम्ही चार विद्यार्थी एका खोलीत राहतो. ड्रायर परवडत नाही आणि कपड्यांना कुबट वास येतो. काय करावे?
— एक विद्यार्थी, सातपूर

उत्तर : लासलगावकडची कांदाचाळ आठवा. तिथे कांदा तापवत नाहीत. खालून आणि बाजूंनी हवा खेळती ठेवतात. कुबट वास जंतूंचा असतो आणि कपडे जितका वेळ ओले राहतात तितके ते वाढतात. म्हणून कपडे धुतल्यावर बादलीत ठेवू नयेत, दोन कपड्यांत वीतभर अंतर सोडावे, पँट व सदरे उलटे करून टांगावेत आणि टेबल फॅन कपड्यांच्या बुंध्याकडे रोखावा, कारण पाणी तिथे उतरते. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या हव्यात. बंद खोलीत पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो. 50 वॉटचा पंखा दहा तास चालला तरी अर्धेच युनिट होते.