'फक्त ग्रामर बघा' म्हणजे नेमकं काय बघू?

प्रश्न : बॉटनीचा थीसिस आहे, गाईड म्हणाले इंग्लिश चेक करून घे. एडिटरने तीन वेगळे रेट सांगितले. फसवतोय का? (नांदेड)

नाही हो, कामंच तीन आहेत. प्रूफरीडिंग म्हणजे स्पेलिंग, कॉमा, सुटलेली अक्षरं. कॉपी एडिटिंगमध्ये वाक्यं सरळ करणं आलं, एकच टर्म सगळीकडे तशीच आहे का, टेबल 4 म्हटलंय तिथे खरंच टेबल 4 आहे का हे बघणं आलं. आणि तिसऱ्यात मांडणीच हलवावी लागते, म्हणून ते महाग. आधी दोन-तीन पानांचं सँपल करून घ्या, आणि युनिव्हर्सिटीचा फॉरमॅट, ब्रिटिश स्पेलिंग की अमेरिकन हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात रडारड होते.

प्रश्न : 'सिग्निफिकंट' सारखं सारखं येतं म्हणून एडिटरने काही ठिकाणी 'रिमार्केबल' केलं. ठेवू का? (पुणे)

अजिबात नको! 'सिग्निफिकंट' ही स्टॅटिस्टिक्समधली टर्म आहे. पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असा रिझल्ट मिळण्याची शक्यता सांगणारा आकडा) 0.05 च्या खाली आहे म्हणून तुम्ही तो शब्द लिहिलाय, तिथे रिमार्केबल म्हणजे तुमच्या रिझल्टचं वाटोळं. एडिटर तुमच्या विषयातला असेलच असं नाही, म्हणून ट्रॅक चेंजेस, म्हणजे फाइलमध्ये खूण करून दाखवलेले एडिटरचे बदल, एकेक करून बघायचे, कंटाळा आला तरी, 'ॲक्सेप्ट ऑल' दाबायचं नाही. असे न बदलायचे शब्द आधीच लिस्ट करून दिलेत तर अर्धी डोकेदुखी वाचते.

प्रश्न : थीसिसची सिमिलॅरिटी (इतरांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर) 34 टक्के आलीय. एडिटर खाली आणून देईल का? (कोल्हापूर)

देणारे भेटतील, पण त्यांच्यापासून लांब राहा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, 10 ते 40 मध्ये सुधारून परत सबमिट करायला जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. पण आधी रिपोर्ट उघडून बघा, त्यात संदर्भसूची आणि अवतरणचिन्हातले, सोर्स दिलेले उतारे धरलेत का, कारण नियमांनुसार ते वगळायचे असतात, कित्येकदा आकडा तिथेच बराच खाली येतो. उरलेलं स्वतः समजून परत लिहा. सॉफ्टवेअरने नुसते समानार्थी शब्द टाकले की काय होतं माहितीये? छापून आलेल्या पेपरांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफीट कॉन्शसनेस' (बनावट जाणीव) आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल' (छातीचं संकट) झालेलं सापडलंय. आता असे शब्द दिसले की तो पेपर संशयात येतो, आणि नाव तुमचं असतं, सॉफ्टवेअरचं नाही.

प्रश्न : एडिटरने खूप मेहनत घेतली, ऑथर म्हणून नाव टाकू? (नागपूर)

नको. बरीच मेडिकल जर्नलं आयसीएमजेईचे (मेडिकल जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे) निकष मानतात, त्यात नुसतं भाषा सुधारणं ऑथरशिपला पुरत नाही. ॲक्नॉलेजमेंटमध्ये नाव टाका, तेही त्यांना विचारून. आणि हो, बिल वेळेवर द्या.