फायटर तिसऱ्या लेव्हलला आला, आता पुढे?

अरे, डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, फाशांवर खेळायचा भूमिकांचा खेळ) मधल्या तुझ्या फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, आता उपप्रकार निवडायचाय. पावसाळ्यात रत्नागिरीत लाइट गेली की आपलं टेबल मेणबत्तीवर चालतं. म्हणून आधी हे बघ, पुस्तक न उघडता तुला काय खेळता येईल? डी अँड डीच्या २०१४ च्या नियमांत चॅम्पियन हा उपप्रकार सर्वांत सोपा; वीस बाजूंच्या फाशावर १९ पडले तरी क्रिटिकल (जास्त इजा करणारा फटका), एरवी २० लागतात. पण तू बडबड्या, लवकर कंटाळशील. बॅटल मास्टर हा उपप्रकार घे. चार डी-८ (आठ बाजूंचे) फासे मिळतात. ते खर्चून शत्रूला पाड, ढकल, घाबरव. छोट्या विश्रांतीनंतर ते पुन्हा भरतात. चौथ्या लेव्हलला फीटच्या (जादा खास कौशल्याच्या) मोहात पडू नकोस, स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) वाढव. फायटरला सहाव्यालाही अशी वाढ घ्यायची संधी असते, जी बाकीच्या क्लासना (पात्रांच्या प्रकारांना) नसते. आणि पाचव्याच्या आधी मल्टिक्लास (दुसऱ्या क्लासची लेव्हल घेणं) अजिबात नको, पाचव्याला मिळणारा एकाच पाळीतला दुसरा हल्ला लांबतो.