७३९३९१३३ च्या पुढे गाडी का अडते?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. ट्यूशनच्या सरांनी तिला ७३९३९१३३ ही संख्या दिली. उजवीकडून एकेक अंक खोडत जा, उरलेली प्रत्येक संख्या मूळ संख्याच (१ आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी) निघते म्हणाले. मुलगी म्हणते, मग शेवटी अंक जोडत संख्या हवी तेवढी लांबवता येईल. सर नाही म्हणतात. का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, सरांचं बरोबर आहे. दहाच्या पद्धतीत या जातीची सर्वांत मोठी संख्या हीच. अशा एकूण ८३ आहेत, त्यात आठ अंकी फक्त पाच.

आधी ७३९ घ्या. वर्गमूळ २७ च्या जरा वर, म्हणजे २३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागलं की झालं. २, ३, ५ नजरेनंच बाद. ७ ने बाकी ४, ११ ने २, १३ ने ११, १७ ने ८, १९ ने १७, २३ ने ३. सुटली. पूर्ण संख्येसाठी हेच करायचं तर ८५९८ पर्यंतच्या हजारावर मूळ संख्या तपासाव्या लागतील. ते काम कॉम्प्युटरला द्या.

आता अडतं कुठं ते पाहा. शेवटी जोडायला १, ३, ७, ९ एवढेच अंक चालतात. बाकीच्यांनी २ किंवा ५ ने भाग जातो. त्यातही खरा पहारेकरी ३ आहे. ७ ला ३ ने भागलं तर बाकी १. पुढं ३ वा ९ कितीही जोडा, बाकी तीच. १ किंवा ७ जोडला की बाकी २ होते, आणि त्यानंतर पुन्हा १ वा ७ आला की ३ ने सरळ भाग. म्हणून या संख्येत १ एकदाच दिसतो, नि त्याच्यानंतर फक्त ३. अंकांची बेरीज ३८ आहे. १ जोडला तर ३९, ७ जोडला तर ४५, दोन्ही गेल्या. उरले ३ आणि ९. त्या संख्यांना लहानसहान संख्यांनी भाग जात नाही, पण मूळ त्याही नाहीत. तिथं गाडी थांबली.

(अंकांची बेरीज करून गाडीचा लकी नंबर सांगणारे बर्डीवर पुष्कळ भेटतात. बेरजेचा खरा उपयोग हा आहे, पण त्याचे पैसे कोणी देत नाही! आपल्या जीपीओचा पिन ४४०००१ घ्या : बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जातो, मूळ नाहीच.)

डावीकडून अंक खोडायचे ठरवलं, शून्य न घेता, तर मात्र पल्ला लांबतो. तिथं सर्वांत मोठी संख्या २४ अंकी आहे, कारण डावीकडे जोडायला १ ते ९ सगळे अंक मोकळे असतात.

मुलीला आता ५९३९३३३९ द्या. हीही त्या पाचांतलीच. ५ नंतर तिच्यात १ किंवा ७ एकदाही का आला नाही, हे तिलाच काढू द्या. तुम्ही सांगू नका.