टाच दुखते, वीट शेकू का?

प्रश्न : सीताबर्डीवरच्या दुकानात दिवसभर फरशीवर उभा असतो. चार महिन्यांपासून सकाळी पहिलं पाऊल टेकताच टाचेत कळ येते. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं. आई गरम विटेवर रुईची पानं ठेवून शेकायला सांगते. काय करू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : वाढलेल्या हाडाला घाबरू नका, टाच न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही ते दिसतं. तुमच्या लक्षणांवरून दुखणं बहुधा तळव्याच्या जाड पडद्याचं आहे. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून पलंगावरून उतरण्याआधीच पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढा, 10 सेकंद धरा, असं 10 वेळा. पोटऱ्यांचा ताणही हवाच, लोक नेमका तोच टाळतात : भिंतीला हात टेकून मागची टाच जमिनीवर दाबा, 30 सेकंद, तीनदा. संध्याकाळी बर्फाची बाटली कापडात गुंडाळून तळव्याखाली 10 मिनिटं फिरवा. सपाट स्लिपर सोडा, घरातही अनवाणी नको.

आयुर्वेदात याला वातकंटक म्हणतात. कोमट तिळाच्या तेलाने पोटरीपासून तळव्यापर्यंत मालिश करायला हरकत नाही. वीट मात्र कापडात गुंडाळूनच. रुईच्या चिकाने कातडी भाजते, डोळ्यांना तर फारच वाईट. मधुमेह असेल तर शेक आणि बर्फ दोन्ही नको.

फरक पडायला काही महिने लागतात. स्टेरॉइडचं इंजेक्शन वारंवार घेऊ नका, पडदा फाटू शकतो. बधिरपणा, सूज, ताप किंवा रात्री झोपेत ठणका असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.