पाँपेई पाहायचं, पण गुडघे सांभाळून

प्रश्न : जूनमध्ये आई-वडिलांना घेऊन इटलीला निघालो आहोत. आईचे गुडघे दुखतात. नेपल्सहून एका दिवसात पाँपेई होईल का? उन्हाची भीती नाही, सोलापूरकर आहोत!
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : होईल, पण सगळं पाहायचा हट्ट नको. हे प्राचीन रोमन शहर सुमारे ६६ हेक्टरांचं आहे आणि त्यातला दोन तृतीयांश भाग उकरून झालाय. ऊन मात्र हलक्यात घेऊ नका. सोलापुरात आपण दुपारी बारा ते चार घरात असतो, तिथे नेमके त्याच वेळी बाहेर असाल. इ.स. ७९ मध्ये शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या दगडराखेच्या भाराने छपरं कोसळली, त्यामुळे सावली जवळपास नाहीच. सकाळी नऊला दारात हजर राहा. रिकामी बाटली न्या, आत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

बहुतेक लोक स्टेशनसमोरच्या पोर्ता मारिना दारातून शिरतात. तिथे सुरुवातीलाच खडी चढण आहे. तुम्ही पियाझ्झा अँफिथिएटरच्या दारातून जा. तिथून पायऱ्या टाळणारी, साधारण साडेतीन किलोमीटरची वाट आखलेली आहे. ती सोडून बाजूच्या गल्लीत शिरलात, की मोठमोठे काळे दगड लागतात. त्यांत गाड्यांच्या चाकोऱ्या रुतलेल्या, आणि रस्ता ओलांडायला मध्येच उंच ठोकळे. आईंचा पाय मुरगळायचा तो इथेच. चप्पल नको, रबरी तळाचे बूट घाला.

तिकिटावर नाव असतं आणि दिवसाला २०,०००च माणसं आत सोडतात, म्हणून आधी काढा. पासपोर्ट जवळ ठेवा. पिशवी ३० × ३० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी नको. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट, म्हणजे गर्दी आषाढीची. तो दिवस टाळा. गाडी नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनवरून, सोरेंतोकडे जाणारी. त्या मार्गावर ‘पॉम्पेई स्कावी’ला उतरायचं. नुसत्या ‘पॉम्पेई’ नावाचं स्टेशन वेगळं आहे, फसगत तिथेच होते. स्कावीहून अँफिथिएटरचं दार दीड-एक किलोमीटर आहे, आईंसाठी टॅक्सी करा.

आता थोडं आपल्या घरचं. १९३८ मध्ये इथल्या एका घरात भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ‘पाँपेई लक्ष्मी’. उंची वीतभरापेक्षा थोडी जास्त. ती पाँपेईत शोधू नका, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे (मंगळवारी बंद). तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यात तेरला, म्हणजे जुन्या तगरात मिळाली. निघण्याआधी एक रविवार तेरच्या लामतुरे संग्रहालयाला द्या, मग नेपल्सची मूर्ती ओळखीची वाटेल.